मेकाँगच्या मुखप्रदेशातील कुळे आणि अमेरिकेची फौज

दप्तरदार

व्हिएतनाम युद्धावर मराठीत लिहिले जाते तेव्हा जंगले, भुयारे, नापाम आणि हेलिकॉप्टरे यांची वर्णने भरपूर येतात. ज्या शेतकऱ्यांच्या आधारावर ते छापामार युद्ध उभे राहिले त्यांच्या खंडाचा हिशेब मात्र क्वचितच येतो. हा धागा त्या हिशेबासाठी काढला आहे. माझे म्हणणे असे, की दक्षिण व्हिएतनाममधील कम्युनिस्ट छापामारांचा प्रश्न निदान १९६५ पर्यंत मुख्यतः जमिनीचा प्रश्न होता, अमेरिकेला ते ठाऊक होते, असा प्रश्न इतरत्र हाताळलेला माणूसही तिच्याकडे होता, आणि तरीही पाच लाखांवर सैनिक पाठवणाऱ्या या महासत्तेला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव येथल्या आपल्याच मित्राकडून जमिनीचा एक धड कायदा वेळेत करून घेता आला नाही.

फ्रेंच अमलात मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात कालवे खणून मोठी दलदल भाताखाली आणली गेली. ही नवी जमीन फ्रेंच कंपन्या, वसाहतवाले आणि सरकारशी लागेबांधे असलेले स्थानिक धनिक यांच्या हाती गेली. तेथील जमीनमालकांपैकी जेमतेम अडीच टक्के लोकांकडे लागवडीखालची जवळपास निम्मी जमीन होती. कूळ साधारणपणे पिकाचा निम्मा वाटा खंड म्हणून देई आणि वर्ष वाईट गेले की पुन्हा त्याच जमीनदाराच्या दारात कर्जासाठी उभे राही. १९४५ नंतर फ्रेंचांशी लढणाऱ्या व्हिएत मिन्ह या कम्युनिस्टप्रणीत संघटनेने जेथे पाय रोवले तेथील जमीनदार सायगावला किंवा जिल्ह्याच्या गावी निघून गेले. त्यांच्या जमिनी कसणाऱ्यांत वाटल्या गेल्या, आणि जेथे वाटल्या गेल्या नाहीत तेथे खंड एक तर उतरला किंवा तो वसूल करायला कोणी उरले नाही. १९५४ साली जिनिव्हा करार होऊन देश १७ व्या अक्षवृत्तावर दुभागला तेव्हा दक्षिणेतील पुष्कळ कुळे कित्येक वर्षे मालकासारखीच जमीन कसत होती.

अमेरिकेच्या पाठिंब्याने सत्तेवर आलेल्या न्गो दिन्ह दिएम यांनी जानेवारी १९५५ मध्ये खंडावर पिकाच्या १५ ते २५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि ऑक्टोबर १९५६ मध्ये जमीनधारणेची कमाल मर्यादा १०० हेक्टर ठरवली. निम्म्यावरून पंचवीस टक्के म्हणजे सुधारणाच, असे वॉशिंग्टनमध्ये बसून कोणालाही वाटले असते. परंतु जे कूळ काहीच देत नव्हते त्याच्या दृष्टीने हा पंचवीस टक्क्यांचा नवा बोजा होता. त्यात परतलेले जमीनदार पुष्कळ ठिकाणी सैनिक किंवा जिल्हाधिकारी यांना बरोबर घेऊन आले आणि मागच्या वर्षांची थकबाकीही मागू लागले. भाताच्या शेतीत १०० हेक्टर म्हणजे किती, हे आपल्याकडे ज्यांनी दोन एकर खाचरे लावली आहेत त्यांना सांगायला नको. या कायद्याचा प्रत्यक्ष लाभ कुळांपैकी सुमारे दहाव्या हिश्शालाच झाला.

आता ज्या माणसाचा उल्लेख वर केला तो वोल्फ लाडेजिन्स्की. युक्रेनमध्ये जन्मलेला आणि रशियन क्रांतीनंतर अमेरिकेत स्थायिक झालेला हा कृषितज्ज्ञ महायुद्धानंतर जपानमध्ये अमेरिकी सेनापती मॅकआर्थर यांच्या प्रशासनात होता. १९४६ च्या ज्या कायद्याने जपानी जमीनदारी मोडली आणि कुळांना मालक केले, त्यामागे त्याचा मोठा हात होता. कसणाऱ्याला मालक केले तर तो कम्युनिस्टांकडे जाणार नाही, हा त्याचा सरळ सिद्धान्त होता. १९५४ च्या अखेरीस अमेरिकेच्या कृषी खात्याने याच माणसाला सुरक्षेच्या दृष्टीने संशयास्पद ठरवून नोकरीवरून दूर केले. त्यावर गदारोळ झाल्यानंतर दुसऱ्या खात्याने त्याला उचलून दक्षिण व्हिएतनामला पाठवले, आणि पुढे १९६१ पर्यंत तो दिएम यांचा सल्लागार म्हणून तेथे राहिला. १९५६ चा कायदा त्याच्या सल्ल्यातूनच निघाला, परंतु त्याचे दात आधीच काढलेले होते. जपानमध्ये जमीनदार हे पराभूत देशातले होते आणि अमेरिका तेथे जेती म्हणून बसली होती. सायगावमध्ये अमेरिका पाहुणी होती, आणि जमीनदार व त्यांचे नातलग हेच तिच्या यजमानाचे सैन्याधिकारी, प्रांताधिकारी आणि न्यायाधीश होते.

पुढचा क्रम बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. मे १९५९ च्या कायद्याने खास लष्करी न्यायालये स्थापन होऊन विरोधकांना मृत्युदंडाची वाट मोकळी झाली. जानेवारी १९६० मध्ये बेन त्रे प्रांतात न्गुयेन थि दिन्ह या महिलेच्या पुढाकाराने उठाव झाला, ज्यात शस्त्रांची उणीव लाकडी बंदुकांनी भरून काढली होती. २० डिसेंबर १९६० रोजी कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय मुक्ती आघाडी स्थापन झाली, आणि तिने पहिली गोष्ट कोणती केली असेल तर जमीनदाराच्या वसुलीदाराला गावातून हाकलले. बेन त्रे हा खंडाच्या जाचाने गांजलेला प्रांत होता, हा योगायोग नाही.

यावर १९६२ साली सायगावने दिलेले उत्तर म्हणजे मोर्चेबंद वस्त्यांची योजना. मलायात ब्रिटिशांनी परक्या जमिनीवर झोपड्या बांधून राहणाऱ्या चिनी वंशाच्या लोकांना कुंपणाच्या आत हलवून तेथील छापामारांची रसद तोडली होती, आणि तेथील अधिकारी रॉबर्ट थॉम्प्सन आता सायगावमध्ये सल्लागार म्हणून होते. मलायात हलवलेल्या अनेकांच्या पायाखाली स्वतःची जमीन मुळात नव्हती, उलट नव्या वस्तीत त्यांना ती मिळाली. मेकाँगच्या शेतकऱ्याची गोष्ट उलटी होती. त्याचे घर शेताच्या बांधावर, पूर्वजांच्या थडग्यांजवळ होते, आणि ते सोडून त्याला वेठीने बांबूचे कुंपण उभारायला लावले गेले. या योजनेची गती वाढवण्याचा आग्रह धरणाऱ्या अधिकाऱ्यांत कर्नल फाम न्गोक थाओ हे एक होते, आणि ते आरंभापासून कम्युनिस्टांचे हेर होते. नोव्हेंबर १९६३ मध्ये दिएम यांची हत्या झाल्यावर या वस्त्यांचे फुगवलेले आकडे उघडे पडले.

८ मार्च १९६५ रोजी अमेरिकी मरीन सैनिक दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले आणि एप्रिल १९६९ पर्यंत अमेरिकी सैन्य ५,४३,००० वर पोहोचले. कुळांना जमिनीची मालकी देणारा कायदा मात्र अध्यक्ष न्गुयेन वान थिउ यांनी २६ मार्च १९७० रोजी केला. म्हणजे फौज आधी आली आणि सातबारा पाच वर्षांनी. या पाच वर्षांत काय होऊ शकले असते आणि ते का झाले नाही, यावर जाणकारांनी लिहावे.

शंकेखोर

लेख आवडला, परंतु सगळे खापर खंडावर फोडणे मला पटत नाही. १९६० च्या दशकात रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या एका संशोधकाने दक्षिण व्हिएतनामच्या प्रांतांची आकडेवारी घेऊन तपासले तेव्हा उलटेच चित्र दिसले होते. जेथे जमिनीची विषमता जास्त तेथे सरकारची पकड अधिक घट्ट होती, आणि जेथे छोटे मालक-शेतकरी जास्त तेथे छापामार बळकट होते. मध्य व्हिएतनामच्या किनारी प्रांतांकडे पाहिले तर हे पटते. क्वांग न्गाई येथे मोठी जमीनदारी नव्हती, पण तो प्रांत व्हिएत मिन्हच्या काळापासून कम्युनिस्टांचा बालेकिल्ला होता, आणि १६ मार्च १९६८ चे मी लाय हत्याकांडही त्याच प्रांतात झाले. मला वाटते, मूळ प्रेरणा परकीयांना घालवण्याची होती. जमीन हे भरतीचे एक साधन होते.

दप्तरदार

शंकेखोर, रँडच्या त्या अभ्यासाची आठवण काढलीत हे बरे झाले, कारण सायगाव आणि वॉशिंग्टनमधील सुधारणाविरोधकांनी त्याचा भरपूर वापर केला. त्यातली अडचण अशी, की ज्या भागांत मोठी जमीनदारी होती आणि छापामारांनी ती आधीच उखडून टाकली होती, तेथे विषमतेची विश्वासार्ह मोजणी करणार कोण? सरकारी मोजणी सरकारच्या ताब्यातल्या गावांचीच होणार. शिवाय जमीनदारी शाबूत असलेली गावे सरकारच्या ताब्यात दिसतात, यावरून जमीनदारीमुळे सरकारची पकड टिकली असा निष्कर्ष काढता येतो, तसाच सरकारची पकड होती म्हणून जमीनदारी टिकली असाही काढता येतो.

मध्य किनाऱ्याविषयी तुमचे म्हणणे मला मान्य आहे. माझे विधान त्रिभुज प्रदेशापुरते आणि सायगावच्या आसपासच्या प्रांतांपुरते आहे. परंतु दक्षिणेची लोकसंख्या आणि तांदूळ यांचा फार मोठा वाटा तेथेच होता, हे विसरता येत नाही. परकीयांना घालवण्याच्या प्रेरणेबद्दल एवढेच म्हणतो, की शेतकऱ्याच्या लेखी परकीय सत्ता आणि जमीनदार हे दोन वेगळे शत्रू नव्हते. फ्रेंच गेले तरी वसुलीदार तोच परत आला.

सह्याद्रीवासी

व्हिएतनामने शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्याचा अभ्यास करून अमेरिकेला हरवले, हो चि मिन्ह यांच्या समाधीवर तसा मजकूर कोरलेला आहे आणि त्यांच्या परराष्ट्रमंत्री रायगडावरील माती घेऊन गेल्या, असे ढकलपत्र दरवर्षी शिवजयंतीला येते. यात तथ्य किती, हे येथील अभ्यासकांनी सांगावे.

जुनी पाने

हो चि मिन्ह यांच्या समाधीवरील मजकुराची गोष्ट खोटी आहे. हनोईच्या बा दिन्ह चौकातील समाधिस्थळाच्या दर्शनी भागावर केवळ त्यांचे नाव आहे. आपल्या देहाचे दहन करावे, अशी इच्छा त्यांनी लिहून ठेवली होती. ती बाजूला ठेवून त्यांच्या पक्षाने त्यांचा देह जतन केला आणि ते स्मारक १९७५ साली खुले केले. परराष्ट्रमंत्र्यांच्या कथेला ना तारीख असते ना वर्तमानपत्राचे नाव. त्यांचे सेनापती व्हो न्गुयेन जिआप यांनी जे लिहिले आहे त्यात माओचा दीर्घकालीन युद्धाचा विचार आणि स्वतः व्हिएतनामच्या इतिहासातील चिनी व मंगोल आक्रमणांविरुद्धचे लढे यांचे संदर्भ येतात. महाराजांचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी हनोईच्या शिफारसपत्राची गरज नाही, आणि त्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या बळावर जे केले त्याचे श्रेय आपण का घ्यावे, हाही प्रश्न आहे.

सह्याद्रीवासी

धन्यवाद. आता ते ढकलपत्र पाठवणाऱ्यांना हा दुवा देतो.

रानवाटा

मूळ लेखातील लाडेजिन्स्की यांचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे आणि तो येथे नोंदवला पाहिजे. व्हिएतनाम सोडल्यानंतर ते बराच काळ भारतात जागतिक बँकेचे काम पाहत होते. १९७२-७३ च्या दुष्काळात, म्हणजे वयाची सत्तरी उलटल्यावर, त्यांनी महाराष्ट्राच्या दुष्काळी भागात फिरून पाहणी केली आणि शंभर वर्षांत असा दुष्काळ पडला नव्हता, या आशयाचा त्यांचा वृत्तान्त फेब्रुवारी १९७३ मध्ये मुंबईच्या एका अर्थविषयक साप्ताहिकात आला. त्या दुष्काळावर काम करणाऱ्या संशोधकांना तो आजही घ्यावा लागतो. १९७५ साली ते वारले, आणि सायगाव पडले तेही त्याच वर्षी.

दुसरी गोष्ट कायद्याची. दिएम यांच्या कायद्याची तुलना आपल्या कूळकायद्याशी केली तर फरक स्पष्ट होतो. मुंबई राज्याचा १९४८ चा कायदा, त्यातील १९५६ ची दुरुस्ती आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवून कुळांना मालक मानणे, हा क्रम सायगावच्या कायद्यांच्या अगदी समकालीन आहे. आपल्याकडेही तो दिवस उगवण्यापूर्वी हजारो कुळांकडून जमीन राजीखुशीने सोडल्याचे कागद लिहून घेतले गेले आणि घरगुती लागवडीच्या नावाखाली बेदखली झाली. कूळकायदा गाजला तितका निर्वेध राबला असे कोणी म्हणू नये. परंतु येथे न्यायालये होती, निवडणुका होत्या, आणि गोदावरी परुळेकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी १९४५ पासून ठाण्यातील वारल्यांची संघटना उभारली होती. कुळाला सरकारवर दबाव आणण्याची दुसरी काहीतरी वाट होती. दिएम यांनी गावांतल्या निवडणुकाच १९५६ साली बंद करून गावाचे कारभारी वरून नेमायला सुरुवात केली. मग त्या कुळापुढे राहिले कोण?

सेनानी निवृत्त

सर्वांचे प्रतिसाद वाचले. आपण सारे १९६० ते १९६५ या पाच वर्षांत अडकलो आहोत, असे माझे नम्र मत आहे. सायगाव ३० एप्रिल १९७५ रोजी पडले ते रणगाडे, तोफखाना आणि अनेक डिव्हिजनांची मोठी दले घेऊन उत्तरेकडून आलेल्या नियमित सैन्यामुळे. बांबूच्या सापळ्यांमुळे नव्हे. १९६८ च्या तेत, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या सणात केलेल्या हल्ल्यात दक्षिणेतील मुक्ती आघाडीने आपले लढाऊ मनुष्यबळ एवढे गमावले, की त्यानंतर तिच्या तुकड्यांमध्ये उत्तरेकडचे सैनिक भरावे लागले. मार्च १९७२ चे आक्रमणही रणगाड्यांसह झालेले पारंपरिक आक्रमण होते, आणि ते अमेरिकी हवाई दलाच्या बळावर थोपवले गेले. जानेवारी १९७३ मध्ये पॅरिस करार झाला, अमेरिकी सैन्य गेले, १९७४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मदतीला मोठी कात्री लावली, आणि दारूगोळा व इंधन यांच्या टंचाईत दक्षिणेचे सैन्य कोसळले. शेतकऱ्यांच्या हाती सातबारा देऊन टी-५४ रणगाडा अडत नाही.

लष्करी दृष्टीने अमेरिकेची खरी अडचण लाओस आणि कंबोडियातून जाणारी हो चि मिन्ह मार्गाची रसद होती. ती जमिनीवरून कायमची तोडण्याची परवानगी सैन्याला मिळाली नाही, कारण कोरियाप्रमाणे चीन युद्धात उतरेल ही भीती होती. मग आकाशातून बाँब टाकत राहणे आणि दक्षिणेत शत्रूची प्रेते मोजत राहणे एवढेच उरले. या दोन्हींपैकी कशानेही निर्णय लागत नव्हता.

आणखी एक उदाहरण देतो. फिलिपीन्समधील हुक या कम्युनिस्ट छापामारांचे बंड मध्य लुझोनच्या भातकुळांचेच होते. ते मोडले तेव्हा तेथे काय जमीनसुधारणा झाली होती? १९५० च्या सप्टेंबरमध्ये रामोन मॅगसायसाय संरक्षणमंत्री झाले, ऑक्टोबरमध्ये मनिलातील कम्युनिस्ट पॉलिटब्यूरो पकडला गेला, सैनिकांनी गावात कोंबड्या चोरणे थांबवले, १९५१ च्या निवडणुका बऱ्यापैकी स्वच्छ झाल्या, आणि मिंडानाओ बेटावर जमीन देण्याच्या ज्या योजनेचा एवढा गाजावाजा झाला तिच्यात हजारभर कुटुंबेसुद्धा बसली नाहीत. १९५४ साली हुकांचे नेते लुईस तारुक शरण आले. तेथे अमेरिकेचे लढाऊ सैन्य गेले नाही. सल्लागार, पैसा आणि अमेरिकेचे गुप्तचर अधिकारी एडवर्ड लान्सडेल एवढेच गेले. जमीन न वाटताही छापामार हरतात.

दप्तरदार

सेनानी साहेब, आपल्या प्रतिसादाची मी वाटच पाहत होतो. तेत नंतर युद्धाचे स्वरूप बदलले, याबद्दल दुमत नाही. परंतु हे युद्ध रणगाड्यांपर्यंत पोहोचले ते आधीचा टप्पा हातातून गेल्यामुळे. २ जानेवारी १९६३ रोजी आप बाक येथे सुमारे साडेतीनशे छापामारांनी चौपट संख्येच्या सायगाव सैन्याला रोखून पाच हेलिकॉप्टरे निकामी केली. हे ठिकाण मेकाँगच्या भातखाचरांत आहे. हो चि मिन्ह मार्गापासून दूर आणि सायगावपासून जवळ. तेथल्या छापामारांत स्थानिक मुलांचा भरणा होता आणि त्यांच्या बंदुकांत सरकारी सैन्याकडून हिसकावलेल्या अमेरिकी बंदुका पुष्कळ होत्या. १९६५ मध्ये अमेरिकेला स्वतःचे सैनिक उतरवावे लागले ते दक्षिणेचे सैन्य या लोकांपुढे कोलमडत होते म्हणून. तेथे गावे सरकारच्या बाजूची असती, तर उत्तरेला आपले सैन्य पाठवून मोठे युद्ध पेटवण्यासाठी पाय टेकवायलाही जागा मिळाली नसती.

फिलिपीन्सचा दाखला माझ्या मांडणीला खरोखर अडचणीचा आहे आणि तो मी टाळत नाही. त्या देशाला जमिनीवरून शेजारी नाही, त्यामुळे बाहेरून रसद नव्हती. हुकांनी कुळांना ताबा दिलेला होता आणि तो नंतर काढून घेतला गेला, असेही त्या प्रमाणावर घडले नव्हते. मॅगसायसाय यांनी जमीन फार दिली नाही, पण सरकारकडून अन्याय कमी होईल असा विश्वास दिला. लान्सडेल हेच गणित घेऊन १९५४ साली सायगावला आले होते. त्यांना दुसरा मॅगसायसाय हवा होता आणि दिएम मिळाले. येथे मला मूळ प्रश्नाकडे यायचे आहे, तो म्हणजे अमेरिकेचा दबाव का चालला नाही.

७ एप्रिल १९६५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी बाल्टिमोरच्या भाषणात मेकाँग नदीसह आग्नेय आशियाच्या विकासासाठी एक अब्ज डॉलर देऊ केले. धरणे, वीज, रस्ते असे सारे त्यात होते. फेब्रुवारी १९६६ मध्ये होनोलुलू येथे दक्षिण व्हिएतनामचे पंतप्रधान न्गुयेन काओ की यांच्याबरोबर त्यांनी जाहीरनामा काढला आणि त्यात सामाजिक क्रांतीची भाषा वापरली. तरीही खंड कमी झाला नाही. उलट अमेरिकी किंवा दक्षिणी सैन्य एखादे गाव साफ करून पुढे गेले, की मागोमाग जमीनदाराचा माणूस वसुलीला येई आणि सैन्याचा अधिकारी त्यात वाटेकरी असे. शेतकऱ्याने यातून काय समजायचे ते समजून घेतले. अमेरिकेचे दूतावासातील लोक हे कळवत होते. मदत थांबवण्याची धमकी द्यावी तर सायगावला ठाऊक होते, की आपण पडलो तर अमेरिकेची अब्रू जाईल, म्हणून ती धमकी पोकळ आहे. जितके सैन्य जास्त, तितका अमेरिकेचा शब्द सायगावमध्ये हलका झाला.

त्याच खोऱ्यात नवव्या पायदळ डिव्हिजनने डिसेंबर १९६८ ते मे १९६९ या काळात चालवलेल्या मोहिमेत सुमारे १०,९०० शत्रू मारल्याचा दावा केला आणि हाती शस्त्रे लागली ७४८. हे दोन आकडे शेजारी ठेवून, मेलेल्यांत किती जण बांधावरचे शेतकरी असतील, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

मृण्मयी

एवढा मोठा हिशेब मांडताना रासायनिक फवारणीचा उल्लेख राहिला आहे. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी विमानांनी सात कोटी लिटरांहून अधिक तणनाशके दक्षिण व्हिएतनामवर फवारली. झाडी नष्ट करणे हा मुख्य उद्देश होता, परंतु छापामारांचे अन्न तोडण्यासाठी उभी पिकेही जाणीवपूर्वक जाळली गेली. भात कोणाचा, हे विमानातून दिसत नाही. जमीन देण्याऐवजी जमीनच नासवण्याचा हा मार्ग होता, आणि त्या तणनाशकांतील डायॉक्सिन या विषारी द्रव्याचे परिणाम बिएन होआसारख्या जुन्या हवाई तळांच्या मातीत आजही निस्तरले जात आहेत.

उत्तरायण

या चर्चेत एक बाजू झाकली जात आहे. कम्युनिस्टांनी उत्तरेत जमीनसुधारणा कशी केली, हेही सांगायला हवे. १९५३ ते १९५६ या काळात तेथे गावोगाव लोकन्यायालये भरली, जमीनदार ठरवण्याचे कोटे पडले, आणि हजारो लोक मारले गेले, ज्यांत व्हिएत मिन्हला मदत केलेले मध्यम शेतकरीही होते. १९५६ च्या शरद ऋतूत पक्षाला चुका जाहीरपणे कबूल कराव्या लागल्या, सरचिटणीस त्रुओंग चिन्ह यांना पद सोडावे लागले, आणि नोव्हेंबरमध्ये खुद्द हो चि मिन्ह यांच्या न्गे आन प्रांतात शेतकऱ्यांचा उठाव सैन्य पाठवून दडपावा लागला. दक्षिणेतही मुक्ती आघाडीने सरकारी पाटील, शिक्षक आणि कारकून यांचे खून पाडले. १९६५ नंतर तिचे कर आणि सक्तीची भरती या दोन्ही गोष्टी इतक्या वाढल्या, की अनेक कुटुंबे शहराकडे पळाली. कसणाऱ्याच्या बाजूने कोण होते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

दप्तरदार

उत्तरायण, पूर्ण सहमत. दक्षिणेतील नेतृत्वाने उत्तरेचा तो धडा घेतला होता आणि म्हणूनच तेथे मध्यम शेतकऱ्यांना सांभाळून घेणारे धोरण ठेवले, निदान सुरुवातीला. सक्ती वाढली ती अमेरिकी सैन्य आल्यावर खर्च भागेना तेव्हा. नेमका तोच काळ सायगावला साधता आला असता.

शंकेखोर

मग १९७० च्या कायद्याचे काय झाले? आपण तारीख देऊन थांबलात.

दप्तरदार

तो कायदा आशियातील अत्यंत उदार कायद्यांपैकी एक होता, असे म्हणायला हरकत नाही. कसणाऱ्याला जमीन फुकट, मालकाला स्वतः कसत असेल तर १५ हेक्टरांपर्यंत, बाकीच्या जमिनीची भरपाई वीस टक्के रोख आणि उरलेली आठ वर्षांच्या रोख्यांत. रॉय प्रोस्टरमन या अमेरिकी कायदेतज्ज्ञाचा त्याच्या आखणीत वाटा होता, आणि खर्चाचा काही भाग अमेरिकेने उचलला. महत्त्वाचे कलम असे, की जो आज जमीन कसतो आहे तो मालक, मग ती त्याला पूर्वी मुक्ती आघाडीने दिलेली का असेना. म्हणजे छापामारांनी केलेल्या वाटपावर सायगावने आपला शिक्का मारला. १९७३ पर्यंत दहा लाख हेक्टरांहून अधिक जमिनीचे हक्कपत्र दिले गेले, खंडाची प्रथा त्रिभुज प्रदेशातून जवळपास संपली आणि त्या भागातील छापामारांची भरतीही बरीच रोडावली. त्याच सुमारास आय. आर. ८ जातीचा बुटका भात आणि पंपांची इंजिने आल्यामुळे उत्पादन वाढले. एका पिकाच्या पैशात होंडाची मोटारसायकल येते म्हणून शेतकरी त्याला होंडा भात म्हणत.

सेनानी निवृत्त

म्हणजे कायदा यशस्वी झाला आणि युद्ध तरीही हरले. हेच तर मी म्हणत होतो.

दप्तरदार

साहेब, १९७० साली यशस्वी झाला. १९५६ साली झाला असता तर आपण म्हणता ते रणगाडे कोणाच्या मदतीला येणार होते, एवढेच मी विचारतो आहे.

रानवाटा

पुढची गोष्टही थोडक्यात सांगतो. भरपाईचे रोखे आठ वर्षांचे होते आणि ते देणारे राज्य पाच वर्षांतच नाहीसे झाले, त्यामुळे जमीनदारांचे शेवटचे हप्ते बुडाले. १९७८ पासून नव्या राजवटीने दक्षिणेत सामुदायिक शेतीचा रेटा लावला, तेव्हा ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे त्या जमिनीसाठी दोन्ही बाजूंचा मार खाल्ला होता त्या मेकाँगच्या शेतकऱ्यांनी कामचुकारपणा केला, जनावरे विकली, भात लपवला. १९८६ मध्ये धोरणबदल जाहीर झाला आणि एप्रिल १९८८ च्या पॉलिटब्यूरोच्या दहाव्या ठरावाने शेती पुन्हा कुटुंबांकडे दिली. त्या वेळी खोऱ्यातील शेतकरी हो चि मिन्ह शहरात निदर्शने करायला गेले होते, कारण सामुदायिकीकरणाच्या काळात एकाची जमीन दुसऱ्याला देण्यात आली होती आणि आता जुन्या मालकांना ती परत हवी होती. १९८९ साली देश तांदळाचा मोठा निर्यातदार झाला. मालकी मात्र आजही कायद्याने साऱ्या जनतेची, म्हणजे सरकारची आहे. १९९३ च्या कायद्याने शेतकऱ्याला जमीन वापरण्याचा, वारसाला देण्याचा आणि गहाण ठेवण्याचा हक्क दिला, आणि त्रिभुज प्रदेशातील जमीन-अधिग्रहणाचे तंटे आता त्या हक्काच्या मोबदल्यावरून चालतात.